कारण विचारणारे बाळारामकाका

भिवंडीतल्या आमच्या टेमघरात कुणाला ताप आला, की घरातल्या माणसांच्या आधी बाळारामकाका चपला घालतात. पेशंट अजून ‘जाऊ का डॉक्टरकडे, की बघू उद्यापर्यंत’ असं घोळत असतो, तोवर काका त्याच्या दारात हजर. बोलावणं गेलेलं नसतं. पेशंट नात्यातला असावा लागत नाही, फारसा ओळखीचाही असावा लागत नाही. रिक्षात त्याच्या शेजारी बसतात, दवाखान्याच्या बाकड्यावर त्याच्या शेजारी बसतात आणि नंबर लागला की त्याच्याबरोबर आत जातात. आत मात्र बसत नाहीत. डॉक्टरांच्या टेबलाशी दोन्ही हात मागे बांधून उभे राहतात आणि डॉक्टरांनी कागदावर पेन टेकवलं की विचारतात, “कारन?”

बस, एवढंच. प्रश्नाला मागे शेपूट नाही, पुढे ‘साहेब’ नाही. डॉक्टरांना आधी वाटतं, आपल्याला भास झाला. ते लिहीत राहतात. मग काका तोच शब्द परत टाकतात, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

मोठ्यानं म्हणजे किती, ते भिवंडीबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. काकांचं आयुष्य पॉवरलूमच्या शेडमध्ये गेलं. स्वतःचे लूम होते, भंगारात जाईपर्यंत चालवले, आता त्या शेडमध्ये कुणाचं तरी गोदाम आहे आणि काका दिवसभर मोकळे आहेत. लूमच्या खडखडाटात ज्यांनी उमर काढली त्यांना हळू बोलणं म्हणजे काय हे माहीत नसतं. त्यांना वाटतं आपण कानात सांगतोय, आणि ते समोरच्या मेडिकलवाल्याला ऐकू जातं. आमच्या गल्लीतल्या एका सभ्य गृहस्थांची मूळव्याध अशी एका दुपारी नाक्यापर्यंत पोचली. त्या गृहस्थांनी पुढे वर्षभर काकांना बघून रस्ता बदलला, आणि दुखणं वाढल्यावर पुन्हा काकांनाच घेऊन गेले.

दुसरी अडचण अशी की काका आगरी. त्यांच्या बोलीत ‘तुम्ही’ला फारसं काम नसतं. भाजीवाला ‘तू’, नगरसेवक ‘तू’, देव तर ‘तू’च. तेव्हा एम.डी. झालेला, भिंतीवर चार सर्टिफिकेटं लावलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा ऐकतो, “तू लिवतस तर खरा. पन कारन?” त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. काका मला ‘मास्तरीन’ म्हणतात. आमची भिंतीला भिंत. सासूबाईंना चक्कर यायला लागली तेव्हा काका आमच्याबरोबर आले, आणि आले म्हणजे मी त्यांना चुकवू शकले नाही. डॉक्टर साठीचे, नाव असलेले. सासूबाई अजून ‘परवा सकाळी ना डॉक्टर, मी चहा ठेवला आणि...’ इथपर्यंतच पोचल्या होत्या, तोवर त्यांनी रक्ताच्या तपासण्यांची रांग लिहून काढली होती. मान वर केली नव्हती. बाईंचा चहा पातेल्यातच राहिला.

“कारन?” काका म्हणाले.

“आपण कोण?”

“शेजारी.”

“मग शेजाऱ्यांना मी कशाला सांगू?”

“मना नको सांगूस. तिला सांग. रक्त तिचा हाय.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग पहिल्यांदा सासूबाईंकडे बघून विचारलं, “चहा ठेवला आणि काय झालं?” बाईंनी सांगितलं. ते ऐकून त्यांनी त्या रांगेतल्या निम्म्या तपासण्यांवर स्वतःच्याच हातानं काट मारली.

घरी येईपर्यंत माझा राग काकांवरून उतरून भलतीकडे गेला होता. काट मारली, म्हणजे त्या तपासण्या नको होत्या. नको होत्या तर लिहिल्या कशाला? चहाचं ऐकून घ्यायला लागला असता तेवढा वेळ नव्हता म्हणून? मी नववीच्या पोरांना दर परीक्षेत बजावते, ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नात नुसतं उत्तर लिहिलंत तर भोपळा देईन. उत्तर बरोबर असलं तरी. आणि हे नववी पास होऊन कुठच्या कुठे गेलेले लोक, यांना कारण विचारलं की यांचा अपमान होतो. ‘डॉक्टर तुम्ही आहात की मी?’ हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं त्याला मी वर्गाबाहेर अंगठे धरून उभा केला असता. अहो, डॉक्टर तुम्हीच, म्हणून तर तुम्हाला विचारतेय. मी डॉक्टर असते तर स्वतःलाच विचारलं असतं ना.

पण सगळा राग डॉक्टरांवर काढून मोकळं व्हावं, तर आपले पेशंटही काही कमी नाहीत. मागच्या चाळीत रामआसरे नावाचा लूम कामगार राहायचा. त्याला ताप भरला. काका त्याला घेऊन गेले आणि मीही माझा खोकला घेऊन त्याच बाकड्यावर होते, म्हणून हे सगळं दारातून ऐकलं. डॉक्टर काही बोलायच्या आत रामआसरेनं शर्टाची बाही वर केली.

“सुई लगा दो साब. शाम को ड्युटी है.”

डॉक्टरांनी लगेच सुई भरायला घेतली. “कारन?” काका म्हणाले.

“पेशंट मांगता है,” डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच होतं.

मग काकांच्या हिंदीला जी धार चढली. “वो मांगेगा तो तू देगा? कल बोलेगा टांग काट दो, काटेगा?” मग रामआसरेकडे वळून, “और तू. ये क्या वडापाव हाय, एक देना बोलतो?”

“चाचा,” रामआसरे काकुळतीला येऊन म्हणाला, “आप बाहर बैठो ना.”

शेवटी सुई टोचली गेली. रामआसरे डॉक्टरांवर खूश, डॉक्टर रामआसरेवर खूश, दोघांच्या मधे काका तेवढे बिनकामाचे. संध्याकाळी तो शिफ्टला गेलासुद्धा. काका त्या दिवशी आमच्या ओट्यावर बसून एकच म्हणाले, “मास्तरीन, त्याला कारन नको हाय. त्याला सुई पायजेल.” आणि मला जो संताप आला तो रामआसरेवर नव्हता, कारण एक खाडा पडला तर त्याच्या घरी काय होतं ते मला ठाऊक आहे. तो त्या सुईवर होता. दोन माणसं एकमेकांशी बोलायची टाळाटाळ करतात आणि तिला उपचार म्हणतात.

आता तुम्हाला वाटेल, काका म्हणजे मोठे शहाणे आणि मी त्यांची भगत. तसं अजिबात नाही. त्यांनी मला जेवढा ताप दिलाय तेवढा हिवतापानं दिला नसेल. नाक्यावर एका तरुण डॉक्टर मॅडमनी नवा दवाखाना टाकला. चुणचुणीत मुलगी, बोलायला मृदू. काका पानटपरीवाल्या विठ्ठलला घेऊन गेले. विठ्ठलला खोकला. मॅडमनी छातीचा फोटो काढायला सांगितला.

“कारन?”

त्या बिचारीनं पेन खाली ठेवलं आणि नीट, सविस्तर कारण सांगितलं. इतक्या दिवसांचा खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन, सगळं. पण तिचा आवाज पडला मऊ आणि काकांचे कान पडले लूमवाले. त्यांना फक्त ओठ हलताना दिसले. त्यांनी ठरवून टाकलं की हिच्याकडे कारण नाही. “खोकल्याचा काय फोटो काडायचा? चल रं,” म्हणून विठ्ठलला घरी घेऊन आले. पुढे विठ्ठल पार खंगला तेव्हा फोटो निघाला. टीबी होता.

विठ्ठल वाचला. गोळ्यांचा कोर्स पुरा करून आता पुन्हा पान लावतो. पण मी त्या दिवशी काकांना भर ओट्यावर झोडपलं. म्हटलं, काका, कारण विचारायचा हक्क आहे तर ऐकायची जबाबदारीही आहे. तुम्हाला कारण नको असतं, तुम्हाला फक्त विचारायला हवं असतं. ऐकू येत नाही तर परत विचारा, कानाला मशीन लावा, मला न्या, पण न ऐकता उठून येता म्हणजे तुमच्यात आणि मान वर न करणाऱ्या डॉक्टरात फरक काय राहिला? काका खाली मान घालून ऐकत होते. ऐकू किती आलं देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मॅडमच्या दवाखान्यात गेले. पेशंट नव्हता बरोबर. टेबलावर ताडगोळ्यांनी भरलेली पिशवी ठेवली. मॅडमनी विचारलं, हे कशाबद्दल? काका म्हणाले, “कारन न्हाय,” आणि बाहेर आले. ही गोष्ट मॅडमनीच मला सांगितली. पुढच्या खेपेपासून काका टेबलाच्या मॅडमच्या बाजूला, त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन उभे राहायला लागले. त्याचीही मॅडमना सवय झाली.

काकांचं घरात मात्र काही चालत नसे. त्यांची बायको चांगुणाकाकी. ठेंगणी, गोरी, कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं. काका जेवढे डॉक्टरांना उलट विचारणारे, तेवढी काकी डॉक्टरांवर डोळे मिटून भार टाकणारी. तिचा विश्वास शिक्षणावर नव्हता, औषधावरही नव्हता, हातगुणावर होता. एखाद्याच्या हाताला गुण असतो, एखाद्याच्या नसतो, संपला विषय. आणि हा गुण फार हळवा. त्याचे नेमधर्म काकींना तोंडपाठ. डॉक्टरला उलट विचारायचं नाही, गुण जातो. औषधाचं नाव विचारायचं नाही, गुण जातो. आणि सगळ्यांत मोठा नेम हा, की एका डॉक्टरपुढे दुसऱ्या डॉक्टरच्या औषधाचं नाव काढायचं नाही. त्यानं दोघांचाही गुण जातो.

“देव आनि डाक्टर,” काकी म्हणायची, “दोघांना कारन इचारू न्हाय.”

“गुन हातान असता,” काका ओरडायचे, “तर परीक्षा कनाला देतान ते? हातच दाखवले असते.”

“तुज्यासारखी मान्सा जातान ना दवाखान्यान, म्हनून परीक्षा देवाला लागतं त्यांना.”

आम्ही भिंतीपलीकडे हसायचो. हे भांडण इतकं रोजचं होतं की ते ऐकू आलं नाही तर सासूबाई विचारायच्या, बरं आहे ना दोघांचं? पण मला हसता हसता रागही यायचा. हातगुण म्हणे. या एका शब्दानं आपल्याकडच्या किती डॉक्टरांची सोय झालीय आणि किती बायकांची तोंडं शिवली गेलीत त्याचा कुणी हिशेब ठेवलेला नाही. बरं वाटलं तर त्याच्या हाताचा गुण, नाही वाटलं तर हिनं काहीतरी विचारलं असणार. काकींना मी हे बोलून दाखवलं तर म्हणाली, “बाय, तू शिकलेली हायस, तुला चालतं.”

काकी कधी आजारीच पडत नसे, निदान आम्हाला तसंच वाटायचं. सगळ्या टेमघराबरोबर दवाखान्यात गेलेले काका स्वतःच्या बायकोबरोबर कधी गेल्याचं मला आठवत नाही. “मना काय होत न्हाय,” ती म्हणायची.

यंदा झालं. एका दुपारी पोट धरून ओट्यावरच बसली, घामानं डबडबली. डॉक्टर मॅडमनी बघितलं आणि ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. काल्हेरला राहणारा त्यांचा मुलगा प्रकाश गाडी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेले तेव्हा प्रकाश खाली मेडिक्लेमच्या खिडकीशी अडकला होता आणि वर खोलीत काकी पडलेली, पायथ्याशी काका उभे. हात मागे बांधलेले.

सर्जन आले. मागे दोन शिकाऊ डॉक्टर. सर्जननी फाईल बघितली, काकींचं पोट दाबलं आणि फाईललाच सांगितलं, “पित्ताशयात खडे आहेत, सूज आहे. उद्या सकाळी काढून टाकू.” मग दाराकडे वळता वळता, “काही विचारायचंय?” हे असं विचारायची एक पद्धत असते, ज्यात माणसाचे पाय आधीच बाहेर पडलेले असतात.

मी काकांकडे बघितलं. काकीनंही बघितलं. मला वाटलं, आता हा मजला हादरणार. बिचाऱ्या सर्जनना कल्पना नव्हती त्यांच्यासमोर कोण उभं आहे.

काकांनी मागे बांधलेले हात सोडले आणि पुढे आणून जोडले.

“तुमी म्हनाल तसा, साहेब.”

मी त्यांच्या तोंडून ‘तुमी’ पहिल्यांदा ऐकलं. कानांवर विश्वास बसेना. सर्जन ‘गुड’ म्हणून बाहेर पडले. काकी काकांकडे बघतच राहिली होती, आणि मग तिनं तोंड भिंतीकडे केलं.

मी काकांना दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात काढलं. इतकी चिडले होते की आपण दवाखान्यात आहोत हेही विसरले. म्हटलं, काका, हे काय? लोकांच्या खोकल्याला भांडता, लोकांच्या मूळव्याधीला भांडता, माझ्या सासूच्या रक्ताच्या थेंबाथेंबाचा हिशेब मागितलात, आणि आज हात जोडता? विचारा ना. उद्याच का, थांबलं तर काय, धोका काय.

काका भिंतीला टेकले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

“लोकांच्या वक्ताला मना राग येतं, मास्तरीन. मंग तोंड आपोआप चालतं. आता रागच येत न्हाय.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “भेव वाटतं. ती जनमभर बोलत आली, इचारला की गुन जातं. मी तिला हसलू. पन खरा असला तं? मी तोंड उघारला आनि उद्या त्याचा हात चुकला तं?”

मी तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि मला रडायचं नव्हतं, चिडायचं होतं. कारण मला तिथे लख्ख दिसलं की ज्याला आपण पेशंटचा विश्वास म्हणतो, डॉक्टरलोक ज्याचं कौतुक करतात, तो बऱ्याचदा हाच असतो. आपलं माणूस टेबलावर जाणार असतं आणि आपल्या तोंडातली जीभ वाळून जाते. त्याला विश्वास म्हणायचं? भीतीला चांगले कपडे घातले म्हणून ती विश्वास होते काय? काकांसारख्याची ही गत, तर बाकीच्यांनी काय करावं?

सर्जन शेजारच्या खोलीतून बाहेर येत होते. मी त्यांना आडवी गेले.

“डॉक्टर, उद्याच का?”

“आपण कोण?”

“शेजारी,” मी म्हणाले. “उद्याच का, थांबलं तर काय होईल, आणि धोका काय आहे, हे तिला सांगा. पोट तिचं आहे.”

एका शिकाऊ डॉक्टरनं छताकडे बघितलं. सर्जननी माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मी वर्गात पाहते तसं मीही पाहिलं. मग ते वळले, खोलीत आले, आणि स्टूल ओढून काकींच्या उशाशी बसले. खोटं का बोलू, बसल्यावर तो माणूस चांगलाच निघाला. मराठीत, सावकाश सांगितलं. खडा कुठे आहे, तो अडकला तर काय होतं, दुर्बिणीतून कसा काढतात. मला राग या गोष्टीचा येतो की हे त्याला येत होतं. स्टूलही तिथंच होतं.

“आणि धोका?” मी विचारलं.

“तसा फार नाही. रक्त पातळ व्हायची गोळी वगैरे चालू असली तर घाबरायचं, टेबलावर रक्त थांबत नाही. पण आजींना कुठलंच औषध चालू नाही. काल विचारून घेतलंय.”

काकीनं भिंतीकडचं तोंड वळवलं. सर्जनकडे नाही, माझ्याकडे.

“बाय,” ती बारीक आवाजात म्हणाली, “ती पायाची गोली चालतं ना?”

“कुठली पायाची गोळी?”

“वज्रेश्वरीचा डाक्टर देतं ती. पायान रगात धरला होता, शिरेन. त्ये पातल राव्हाला देतं.”

सर्जन स्टुलावरून उठले. ऑपरेशन तिथल्या तिथे पुढे ढकललं गेलं. सूज उतरवायची सलाईन लागली, ती गोळी बंद झाली, आणि पुढे ते ऑपरेशन झालं, नीट झालं, काकी आता ठणठणीत आहे. हे आत्ताच सांगून टाकते, कारण मला सांगायचंय ते त्या खोलीतलं आहे.

खोलीत सर्जन भडकले होते. “आजी, काल याच मुलानं तुम्हाला विचारलं ना? नाही म्हणालात. उद्या टेबलावर काय झालं असतं माहितेय?”

“काय विचारलंस रे?” मी त्या मुलाला म्हणाले.

“एनी मेडिसिन्स चालू आहेत का, असं,” तो म्हणाला.

कुणावर रागवावं कळेना, म्हणून मी सगळ्यांवर रागावले. त्या पोरावर, कारण त्यानं विचारायचं म्हणून विचारलं. काकींवर, कारण एका डॉक्टरपुढे दुसऱ्याची गोळी काढायची नाही म्हणून ती आपल्या जिवाशी खोटं बोलली. सर्जननाही सांगितलं, तिनं लपवलं हे खरं, पण तुम्ही बसलात तेव्हाच ते बाहेर आलं हेही लक्षात ठेवा. मग त्यांची नजर काकांकडे गेली.

“तुम्ही मिस्टर ना यांचे? तुम्हाला माहीत नव्हतं?”

काका पायथ्याशीच उभे होते. सगळ्या टेमघरात कुणाला साखर आहे, कुणाच्या मुतखड्याला किती वर्षं झाली, कुणाची सून कुठल्या महिन्यात आहे, हे ज्यांना न बघता सांगता यायचं, ते म्हणाले, “न्हाय.”

सर्जन गेले, शिकाऊ पोरं गेली. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. निघून जायला हवं होतं, पण काकींचा हात माझ्या ओढणीवर होता.

“कवापासून?” काकांनी विचारलं.

“झाला. तीन पावसाले.”

“वज्रेश्वरीच्या देवीला जातंय सांगून जाचीस.”

“देवीलापन जाचे.” काकीनं माझी ओढणी मुठीत धरली. “तुला सांगितला असता तं तू आला असतास. तिथं जाऊन त्याला कारन इचारला असतास. तो डाक्टर बरा हाय, त्याच्या हाताला गुन हाय. मना तो पायजेल होता.” मग तिचा आवाज एकदम चढला. “आनि आज? सगल्या गावाच्या बायकांसाठी भांडतस. मगाशी माज्या वक्ताला एक सबुद न्हाय निंगाला तुज्या तोंडातना. मना वाटला, हिचा काय, गेली तं गेली, असा झाला काय तुला.”

मी म्हणणार होते, काकी, तसं नाही, ते बाहेर व्हरांड्यात काय म्हणाले ते ऐक. पण काका बोलायला लागतील म्हणून थांबले. ते पलंगाच्या कडेला बसले. त्यांना दवाखान्यात बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. चादर जरा वर सरकली होती आणि काकींचा डावा पाय दिसत होता, घोट्यापासून पोटरीपर्यंत सुजलेला, काळवंडलेला. एका घरात राहून तो त्यांनी बघितला नव्हता. काकी लुगडं नेहमी घोट्याखालीच ओढून घ्यायची, हे मला तेव्हा आठवलं.

काकांनी त्या पायाला हात लावला नाही. नुसते बघत राहिले. मग विचारलं, आणि इतक्या हळू आवाजात की मी वळून पाहिलं, हेच बोलले का म्हणून.

“जाताना येस्टीन बसाला जागा मिलाची?”

काकीनं डोळे पुसले.

“कवा मिलाची,” ती म्हणाली. “कवा उभ्यानं जाचे.”